आमवात आणि अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस : एकाला लागू पडणारे औषध दुसऱ्याला का पडत नाही?

नमस्कार. माझ्या आईला आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, आहे आणि धाकट्या भावाला अलीकडेच अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस या पाठीच्या कण्याच्या दाहाच्या आजाराचे निदान झाले आहे. दोघांवरही तज्ज्ञांकडे उपचार सुरू असल्याने कोणते औषध घ्यावे, हा माझा प्रश्न नाही; त्यामागची रोगप्रतिकारशक्तीची यंत्रणा मला समजून घ्यायची आहे.

आईच्या दोन्ही हातांची बोटे सकाळी सुजलेली असतात आणि बराच वेळ मूठ वळत नाही. तिची अँटी-सीसीपी चाचणी, म्हणजे सिट्रुलिनयुक्त प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी, पॉझिटिव्ह आहे. प्रथिनांतील आर्जिनिन या अमिनो आम्लाचे सिट्रुलिन झाले की काहींचे शरीर त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू लागते, आणि हे सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच घडलेले असू शकते, एवढे मी वाचले आहे. पुढे टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही दाहाचे संदेश वाहणारी प्रथिने सांध्याच्या अस्तरातील दाह धगधगता ठेवतात व ऑस्टिओक्लास्ट पेशी हाड पोखरतात, हेही कळते.

भावाचे दुखणे निराळे आहे. पहाटे त्याची कंबर इतकी आखडते की कूस बदलणेही कठीण होते, मात्र हिंडू-फिरू लागला की ती मोकळी होते. त्याची अँटी-सीसीपी निगेटिव्ह आणि एचएलए-बी२७ (पेशींच्या पृष्ठभागावरचे एक आनुवंशिक प्रथिन) पॉझिटिव्ह आहे.

आता मूळ शंका. टीएनएफ रोखणारी औषधे दोन्ही आजारांत चालतात. टोसिलिझुमॅब हे इंटरल्यूकिन-६ चा मार्ग अडवणारे औषध आमवातात चांगले काम करते. पण अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसच्या चाचण्यांत त्याने सीआरपी (रक्तातील दाहाचे मोजमाप) खाली आणले, तरी रुग्णांचा त्रास काही कमी झाला नाही. उलट इंटरल्यूकिन-१७ रोखणारे सेक्युकिनुमॅब भावाच्या आजारात उपयोगी ठरते, आणि आमवातात मात्र त्याचा प्रभाव तोकडाच पडतो. मग पाठीच्या कण्याच्या आजारात इंटरल्यूकिन-६ हे केवळ दाहाच्या मागोमाग वाढते, दाह चालवत नाही, असे समजावे का?

मला सर्वांत कोड्यात टाकणारी बाब याच्याही पुढची आहे. इंटरल्यूकिन-१७ तयार करणाऱ्या पेशींना इंटरल्यूकिन-२३ बळ देते, असे सगळीकडे लिहिलेले आढळते; तरीही इंटरल्यूकिन-२३ रोखणारी औषधे कण्याच्या या आजारात अपयशी ठरली. स्नायुबंध हाडाला जिथे जोडले जातात, तिथल्या काही पेशी इंटरल्यूकिन-२३ शिवायही इंटरल्यूकिन-१७ तयार करतात, हे या अपयशाचे पुरेसे स्पष्टीकरण आहे का? आणि एचएलए-बी२७ चा या आजाराशी संबंध १९७३ पासून ठाऊक असताना, त्या प्रथिनाची घडी चुकणे आणि त्याने टी-पेशी या रोगप्रतिकारक पेशींपुढे चुकीचे पेप्टाइड (प्रथिनाचा तुकडा) मांडणे या दोन तर्कांपैकी आज कोणत्या तर्काच्या बाजूने अधिक भक्कम पुरावा आहे? या विषयात काम करणाऱ्या किंवा त्याचा अभ्यास असणाऱ्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.