मदत हवी आहे: एक्स आकाराच्या रेडिओ दीर्घिकेचे पंख नक्की कशामुळे?

खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या १५० मेगाहर्ट्झ सर्व्हेत (टीजीएसएस) मला एक सोर्स सापडलाय, दोन मोठे लोब (केंद्रातून निघणाऱ्या जेटने, म्हणजे प्लाझ्माच्या झोताने, भरलेले फुगे) आणि त्यांना जवळपास काटकोनात दोन फिकट लांबट पंख, अगदी फुलीसारखा. व्हीएलएएसएस या दुसऱ्या रेडिओ सर्व्हेच्या ३ गिगाहर्ट्झ इमेजमध्ये मात्र पंख गायबच, फक्त मधला ठिपका आणि लोबांच्या टोकाचे हॉटस्पॉट (जेट आदळतो तिथले तेजस्वी ठिपके). टीजीएसएसची इमेज २५ वरून ४५ आर्कसेकंदांवर ब्लर करून तेवढ्याच रिझोल्यूशनच्या १४०० मेगाहर्ट्झ एनव्हीएसएस सर्व्हेबरोबर स्पेक्ट्रल इंडेक्स (फ्रिक्वेन्सीप्रमाणे तेज किती झपाट्याने बदलतं तो आकडा) काढला: लोब -०.७, पंख -०.९.

पीकेएस २०१४-५५ या अशाच दीर्घिकेत मीरकॅट रेडिओ दुर्बिणीने दाखवलं की लोबातून मागे परतणारा प्लाझ्मा दीर्घिकेच्या गरम वायूवर आपटून बाजूला वळतो. दुसरं मत म्हणजे दोन कृष्णविवरं एकत्र आली की जेटची दिशा बदलते आणि पंख म्हणजे जुने लोब. इलेक्ट्रॉन जुने झाले की इंडेक्स जास्त उणे होतो, पण पंखातले इलेक्ट्रॉन दोन्ही मतांत जुनेच ना, मग नुसत्या स्पेक्ट्रल इंडेक्सवरून काय ठरणार? आणि टीजीएसएसच्या फ्लक्समध्येच (मोजलेल्या तेजात) १०% एरर धरली तर ०.२ चा फरक खरा तरी मानायचा का?

दुर्बिणीचा वेळ मिळणार नाही, लॅपटॉप आणि फुकटचा डेटा एवढंच आहे. ऑप्टिकल इमेजमध्ये दीर्घिका लांबट दिसते, तर पंख तिच्या आखूड अक्षाच्या दिशेने (वळलेल्या प्लाझ्माला वायूतून बाहेर पडायची सोपी वाट) आहेत का हे मोजलं तर पुरावा म्हणून चालेल, की आधी पोलरायझेशन (रेडिओ लहरींच्या कंपनाची दिशा) बघू?