मोडबसवर १० ड्राइव्ह, पूर्ण फेरीला ४ सेकंद: बॉड रेट वाढवूनही फरक नाही

शॉपफ्लोअर_१०:

नमस्कार मंडळी. कन्व्हेयर लाइनवर एस७-१२०० पीएलसी (लाइनचा कंट्रोलर), सीएम १२४१ आरएस-४८५ मॉड्यूल (त्याचं सिरियल पोर्ट) आणि डेल्टा एमएस३०० चे १० ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारे) आहेत. मोडबस आरटीयू (मास्टर विचारतो, ड्राइव्ह उत्तर देतात अशी पद्धत), बॉड रेट म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, ८ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट. प्रत्येक ड्राइव्हला चार मेसेज जातात: २०००एच (हेक्समधला रजिस्टर पत्ता) वर रन/स्टॉप, २००१एच वर फ्रिक्वेन्सी, २१०१एच वरून स्टेटस आणि २१०४एच वरून करंट. क्लॉक मेमरीच्या १० हर्ट्झ बिटवर स्टेप काउंटर चालतो. मास्टर बिझी नसेल तर दर पल्सला पुढचा मेसेज सुटतो.

अडचण अशी की सगळ्या ड्राइव्हची एक फेरी व्हायला ४ सेकंद लागतात. एचएमआयवर (ऑपरेटरच्या स्क्रीनवर) स्पीड बदलला की मोटर बऱ्याच वेळाने हलते. ३८४०० करून बघितलं, फेरी तरीही ४ सेकंदच, वर एरर वाढले, म्हणून परत ९६०० केलं. आणखी एक गोष्ट: एखादा ड्राइव्ह मेंटेनन्ससाठी बंद केला की फेरी थेट १६ सेकंदांवर जाते आणि चालू असलेले ९ ड्राइव्हही आळसावतात. केबल साधारण ६० मीटर आहे, दोन तारांची शिल्डेड, मोटर केबलच्याच ट्रेमधून गेलेली. पीएलसीकडे प्रोफिबसचा डी-कनेक्टर लावला आहे. सुरुवात कुठून करू?

पीएलसी_कट्टा:

बॉड रेट चौपट करूनही फेरी जागची हलत नाही, यातच उत्तर आहे. तुमचा वेळ तारेवर जात नाही, वाट बघण्यात जातो. १० ड्राइव्ह गुणिले ४ मेसेज म्हणजे ४० मेसेज, दर १०० मिलिसेकंदाला एक, बरोबर ४ सेकंद. मेसेज ३० मिलिसेकंदात संपला तरी पुढचा मेसेज पुढच्या पल्सपर्यंत ताटकळतो.

हिशोब एकदा कागदावर मांडा. तुमच्या सेटिंगमध्ये एक कॅरेक्टर ११ बिटांचं, म्हणजे ९६०० ला १.१५ मिलिसेकंद. एक रजिस्टर वाचायला विनंती ८ बाइट आणि उत्तर ७ बाइट, एकूण १५ कॅरेक्टर, साधारण १७ मिलिसेकंद. शिवाय प्रत्येक फ्रेमनंतर साडेतीन कॅरेक्टरची शांतता लागते, ती दोनदा मिळून ८. ड्राइव्हचा स्वतःचा उत्तराचा विलंब वेगळा (पॅरामीटर ०९-०९, फॅक्टरी सेटिंग २ मिलिसेकंद, कोणी वाढवून ठेवला नाही ना ते बघा). पीएलसीचे एक-दोन स्कॅन (प्रोग्रामच्या फेऱ्या) धरले तर एक मेसेज ४० च्या आसपास बसतो. म्हणजे आहे त्याच ९६०० वर फेरी १.६ सेकंदात व्हायला हवी.

क्लॉक बिट काढून टाका. मोडबस_मास्टर या ब्लॉकचा डन किंवा एरर बिट आला की त्याच स्कॅनमध्ये काउंटर पुढे न्या आणि पुढच्या स्कॅनला नवीन विनंती द्या. हे बिट एकाच स्कॅनपुरते टिकतात, म्हणून ब्लॉकच्या लगेच खाली तपासा. एका पोर्टवर एका वेळी एकच विनंती चालते, तेव्हा १० ड्राइव्हसाठी १० ब्लॉक मांडण्यापेक्षा एकच ब्लॉक ठेवून त्याचा पत्ता आणि डेटा पॉइंटर स्टेपनुसार बदलणं बरं.

नंतर मेसेज निम्मे करा. २०००एच आणि २००१एच शेजारी आहेत, दोन्ही एकाच फंक्शन १६ (अनेक रजिस्टर एकदम लिहिणं) मध्ये जातात: मोड १, पत्ता ४८१९३, लांबी २. वाचताना २१०१एच पासून ४ रजिस्टर एकदम उचला: मोड ०, पत्ता ४८४५०, लांबी ४. स्टेटस, दिलेली फ्रिक्वेन्सी, प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी आणि करंट, चारही हाती येतात. योगायोगाने दोन्ही मेसेज २१-२१ कॅरेक्टरचे होतात, म्हणजे तारेवर २४ मिलिसेकंद. शांतता आणि स्कॅन धरून ४५ समजा. २० मेसेज गुणिले ४५, फेरी ०.९ सेकंद.

आता १६ सेकंदांचं. पोर्ट सेट करणाऱ्या मोडबस_कॉम_लोड ब्लॉकवर रेस्प_टीओ (उत्तराची वाट बघायची मुदत) मूळचा १००० मिलिसेकंद असतो आणि त्याच ब्लॉकच्या इन्स्टन्स डीबीत (त्याच्या डेटा ब्लॉकमध्ये) रिट्रीज (पुन:प्रयत्न) मूळचे २ असतात. पहिला प्रयत्न आणि दोन पुन:प्रयत्न मिळून ३ सेकंद, त्यानंतर ८०सी८ हा एरर. बंद ड्राइव्हचे चार मेसेज म्हणजे १२ सेकंद, बाकीचे ३६ मेसेज ३.६ सेकंद. तुमचे १६ तिथेच जुळतात. रेस्प_टीओ १५० करा, रिट्रीज १ करा. डीबीत आकडा बदलून भागत नाही, कॉम_लोडला पुन्हा विनंतीचा पल्स द्यावा लागतो.

जो ड्राइव्ह सलग ३ वेळा उत्तर देत नाही त्याला फेरीतून वगळा आणि दर १० सेकंदांनी फक्त वाचण्याचा एक मेसेज पाठवून बघा. उत्तर आलं की परत रांगेत घ्या.

पॅनेलमित्र:

वरचं सगळं पटलं, पण ३८४०० ला एरर वाढले ही गोष्ट मागे टाकू नका. मोडबसमध्ये नॉइजचं दुखणं बहुधा एरर म्हणून दिसतच नाही, मंदपणा म्हणून दिसतं. एक बिट बिघडला की सीआरसी (फ्रेम बरोबर आहे का ते तपासणारा आकडा) चुकतो, ड्राइव्ह गप्प बसतो, आणि मास्टर पूर्ण टाइमआउट संपेपर्यंत थांबतो. पुन:प्रयत्नात काम झालं की एरर बिट येतही नाही, वेळ मात्र गेलेला असतो. म्हणून तपासणीपुरते रिट्रीज ० करा आणि प्रत्येक ड्राइव्हसाठी वेगळा एरर काउंटर लावा. सगळ्यांचे आकडे सारखे वाढले तर टर्मिनेशन (लाइनच्या टोकांचे रेझिस्टर) किंवा बायस (शांत लाइनला ठरावीक व्होल्टेजवर धरणं) संशयित. अमुक ड्राइव्हपासून पुढच्यांचेच वाढले तर त्या जोडावरची केबल उघडून बघा.

मोजणी अशी. पॉवर बंद करा, पीएलसीचा कनेक्टर उपसा आणि दोन्ही तारांमध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहम असतील तर ६० दिसतात. तुमच्याकडे प्रोफिबस कनेक्टर आहे, त्यात २२० ओहम असतो. त्याचा स्विच ऑन आणि शेवटच्या ड्राइव्हला १२० असेल तर सुमारे ७८ यायला हवेत. १२० आले तर पीएलसीकडचं टर्मिनेशन जोडलेलंच नाही. ५० च्या खाली गेलात तर मध्येच कुठेतरी एक जास्तीचा रेझिस्टर राहिला आहे. याच कनेक्टरची एक खोड लक्षात ठेवा: स्विच ऑन केला की बाहेर जाणारी केबल आतून तुटते. म्हणून केबल ए१-बी१ या आत येणाऱ्या बाजूलाच हवी आणि पीएलसी लाइनच्या टोकाला हवा. बी ही प्लस, ती ड्राइव्हच्या एसजी+ टर्मिनलला. ए ही एसजी- ला.

मग पॉवर देऊन पीएलसी स्टॉपमध्ये ठेवा आणि एसजी+ व एसजी- मध्ये डीसी व्होल्टेज बघा. कनेक्टरमधलं बायस नीट असेल तर ०.४ व्होल्टच्या आसपास मिळतं. ०.२ च्या खाली असेल तर लाइन शांत असतानाही रिसीव्हरला खोटे स्टार्ट बिट दिसू शकतात.

दोन तारांवर ६० मीटर हे मला सर्वांत खटकतंय. तिसरी तार एसजीएनडीसाठी (सिग्नल ग्राउंडसाठी) लागतेच, नाहीतर प्रत्येक पॅनेलचं अर्थ पोटेन्शियल वेगळं असतं आणि तो फरक रिसीव्हरवर येतो. शिल्डला एसजीएनडी म्हणून वापरू नका. दोन जोड्यांची १२० ओहमवाली ट्विस्टेड केबल घ्या: एक जोडी सिग्नलला, दुसरी एसजीएनडीला, शिल्ड अर्थ बारला क्लॅम्पने. जोडणी एका ड्राइव्हमधून दुसऱ्यात, अशी साखळीनेच. मधल्या टर्मिनलवरून फांद्या काढायच्या झाल्या तर वीतभरापेक्षा लांब नकोत. मोटर केबलपासून किमान २०० ते ३०० मिलिमीटर अंतर ठेवा. ओलांडायची झाली तर काटकोनात. ट्रे बदलणं जिवावर येतं हे कबूल, पण एकाच ट्रेत राहून ३८४०० टिकेल असं मी तरी सांगणार नाही.

शॉपफ्लोअर_१०:

दोघांचे आभार. डन बिटवर क्रम लावला, मेसेज दोनवर आणले, फेरी ०.९५ सेकंद झाली. टाइमआउट १५०, रिट्रीज १. एक ड्राइव्ह बंद केला तरी आता बाकीच्यांना जाणवत नाही. ओहम १२० आले; डी-कनेक्टरचा स्विच ऑफ होता. तो ऑन केला. नवीन केबलसाठी वेगळा ट्रे शटडाउनमध्ये टाकू.

दोन शंका. केबल बदलल्यावर ३८४०० ने किती फरक पडेल? आणि लाइन सुरू करताना सगळ्या मोटरी एकदम सुटायला हव्यात, आता पहिली आणि दहावी यांच्यात जवळपास सेकंदाचं अंतर पडतं. शिवाय ॲक्सिलरेशन टाइमही दर फेरीत लिहायचा विचार आहे, चालेल का?

पीएलसी_कट्टा:

ॲक्सिलरेशन टाइम दर फेरीत अजिबात लिहू नका. तो ०१-१२ पॅरामीटर आहे, पत्ता ०१०सीएच. असे पॅरामीटर ड्राइव्हच्या कायमस्वरूपी मेमरीत साठवले जातात आणि त्या मेमरीला लिहिण्याच्या वेळांची मर्यादा असते. रेसिपी बदलली तेव्हा एकदाच लिहा. २०००एच आणि २००१एच ची गोष्ट वेगळी, तिथे कितीही वेळा लिहिलं तरी हरकत नाही.

३८४०० ला एक कॅरेक्टर ०.२९ मिलिसेकंद, २१ कॅरेक्टर ६ मिलिसेकंदात. १९२०० च्या वर शांतता १.७५ मिलिसेकंद धरायची, ती दोनदा. पण ड्राइव्हचा विलंब आणि तुमचा स्कॅन आहे तेवढाच राहतो, म्हणून मेसेज साधारण २२ वर थांबतो. २० मेसेज, ०.४५ सेकंद. वेग चौपट, फायदा दुप्पट. लिहिण्याचा मेसेज आकडा बदलला तरच पाठवलात तर नेहमीची फेरी ०.२२ वर येते.

एकदम सुरू करायला दोन मार्ग आहेत. पहिला ब्रॉडकास्ट: पत्ता ० वर २०००एच लिहिलं की सगळे ड्राइव्ह एकाच वेळी ऐकतात. उत्तर कोणीच देत नाही, तेव्हा लगेच प्रत्येकाचं स्टेटस वाचून खात्री करा आणि जो सुटला नाही त्याला स्वतंत्र कमांड द्या. दुसरा मार्ग मला जास्त भरवशाचा वाटतो: रन/स्टॉप डिजिटल इनपुटवर तारेने द्या आणि मोडबसवर फक्त फ्रिक्वेन्सी ठेवा. ००-२१ (रन/स्टॉपचा स्रोत) ला १, ००-२० (फ्रिक्वेन्सीचा स्रोत) ला १. मोडबस बंद पडला तरी स्टॉप चालतो.

पॅनेलमित्र:

त्यातच जोडून: ०९-०३ (ड्राइव्हचा मोडबस टाइमआउट) मूळचा ० असतो, म्हणजे पीएलसी बंद पडला किंवा केबल तुटली तरी ड्राइव्ह शेवटच्या स्पीडवर फिरतच राहतो. तो ३ सेकंद करा आणि ०९-०२ (टाइमआउट झाल्यावर काय करायचं) ला १ द्या, म्हणजे फॉल्ट देऊन रॅम्पने थांबेल. ०९-०३ चा आकडा सर्वांत वाईट फेरीपेक्षा मोठा हवा, नाहीतर विनाकारण ट्रिप होईल. तुमच्या जुन्या ४ सेकंदांच्या फेरीवर ३ ठेवले असते तर लाइन दर फेरीला थांबली असती. वगळलेला ड्राइव्ह १० सेकंद मेसेजविना राहतो, तोही या वेळेत फॉल्टवर जाईल, तेव्हा परत रांगेत घेताना आधी रीसेट द्या. आणि इमर्जन्सी स्टॉप कधीही मोडबसवरून नको. एस१, एस२ ही एसटीओ (मोटरचा टॉर्क सुरक्षितपणे तोडणारी) टर्मिनल सेफ्टी रिलेवर घ्या.