मदत हवी आहे : केंटकीत मुलीचा निम्मा-निम्मा ताबा

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिलला राहतो, घटस्फोटाचा अर्ज दाखल झालाय. मुलगी ४ वर्षांची. केंटकीत २०१८ पासून संयुक्त ताबा आणि दोघांना समान वेळ हेच मुलाच्या हिताचं, असं कोर्ट आधीच गृहीत धरतं. ज्याला ते मान्य नाही, त्याने पुराव्यानिशी खोडून काढायचं. घरगुती हिंसाचारामुळे कोर्टाचा संरक्षण आदेश निघालेला असेल तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे तसं काही नाही, तिची आई चांगली आई आहे. साताऱ्याहून फोन येतात, "पाच वर्षांच्या आतलं लेकरू आईकडेच असावं." भारतातल्या १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात साधारण तसंच आहे. पण मला लेकीपासून लांब राहवणार नाही.

माझ्या महिन्याला १० रात्रपाळ्या असतात. त्यात आजीने शिवलेल्या गोधडीशिवाय लेक झोपत नाही. परवा गोधडी तिच्या आईच्या घरी राहिली. रात्री अकराला रडत्या पोरीला गाडीत घालून आणायला गेलो.

एवढ्या लहान मुलांना आठवडा-आठवडा झेपतो, की दोन-दोन-तीन दिवसांची वाटणी (दोन दिवस एकाकडे, दोन दुसऱ्याकडे, मग तीन पहिल्याकडे) बरी? रात्रपाळीमुळे कोर्ट वेळ कमी करतं का? वकील आहे, पण यातून गेलेल्यांचा अनुभव हवाय. कृपया सांगा.