ऑटोमेटेड मेसेजचे फ्लो: सुट्या पायऱ्या जोडून की सलग लिहून?

(ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पायरीपायरीने

मार्केटिंगचे ईमेल आणि एसएमएस आपोआप जावेत म्हणून जे फ्लो लावतात, ते बांधणं हे माझं रोजचं काम. माझं मत आधीच सांगतो: फ्लो लहान, सुट्या पायऱ्यांचा असावा. कुणी नाव नोंदवलं हा ट्रिगर, म्हणजे फ्लो सुरू करणारी घटना. तीन दिवस थांबणं ही एक पायरी, खरेदी झाली का ते बघणं ही दुसरी, मेसेज पाठवणं ही तिसरी. प्रत्येक पायरी एकदाच नीट बनवायची आणि मग स्वागताच्या मालिकेत, कार्ट अर्धवट सोडलेल्यांसाठी, मुदत संपत आल्याच्या आठवणीसाठी, हवी तिथे लावायची.

या मतावर मी एका चुकीनंतर आलो. आमच्याकडे आधी प्रत्येक फ्लो अथपासून इतिपर्यंत वेगळा लिहिलेला असायचा. जीमेल आणि याहूने फेब्रुवारी २०२४ मध्ये मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक करायला सुरुवात केली. जीमेलच्या हिशेबात दिवसाला ५,००० किंवा जास्त ईमेल पाठवणारे त्यात आले. मार्केटिंगच्या ईमेलमधून एका क्लिकवर बाहेर पडता आलं पाहिजे आणि ते दोन दिवसांत अमलात आलं पाहिजे, असा नियम झाला. आमच्याकडे संमती तपासण्याचा तुकडा आठ फ्लोंमध्ये आठ तऱ्हांनी लिहिलेला होता. सात बदलले, आठवा नजरेतून सुटला. त्याच आठवड्यात एका माणसाचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘मी नको म्हणून कळवलं होतं.’

त्यानंतर ‘पाठवायचं का?’ अशी एकच पायरी केली. संमती, झोपेच्या वेळा, आठवड्यात किती मेसेज, सगळं तिच्यात. ज्यांना फ्लो सलगच लिहावेत असं वाटतं, त्यांनी का ते सांगावं.

सलग

असहमत, आणि तुमच्याच उदाहरणावरून. नियम आठ ठिकाणी होता ही चूक खरी. पण तो एका ठिकाणी आणण्यासाठी त्याची पायरी कशाला करायची? पायरी म्हटली की ती कुणीतरी आठवणीने ओढून लावायची आली. उद्या नवीन माणूस नववा फ्लो बांधेल आणि ‘पाठवायचं का?’ लावायला विसरेल. पुन्हा तेच उत्तर येईल, वेगळ्या माणसाचं. संमतीची जागा फ्लोच्या चित्रात नाही. ती मेसेज बाहेर पडतो त्या दारात आहे. कुठलाही फ्लो असो, कुणीही बांधलेला असो, दार एकच.

हे नवीन नाही. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्येच आपल्या निबंधात हे मांडलं होतं. एकच छोटा प्रोग्राम त्यांनी दोन तऱ्हांनी विभागून दाखवला: एकदा कामाच्या क्रमाने, आधी हे मग ते, आणि एकदा बदलू शकणारे निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागात, झाकून. फ्लोचार्ट काढून त्याच्या चौकटींना मॉड्यूल म्हणू नका, हा त्यांचा निष्कर्ष. आज मेसेजचे फ्लो बांधायची साधनं उघडली की आधी दिसतो तो फ्लोचार्टच.

माझी खरी तक्रार मात्र वाचणाऱ्याच्या बाजूने आहे. एका फ्लोमध्ये मी हे स्वतः पाहिलं. माल पोहोचला, ट्रिगर लागला, तीन दिवस थांबायची पायरी. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी माल परत केला, कारण तो फुटलेला निघाला होता. तिसऱ्या दिवशी त्यांना मेसेज गेला: ‘कशी वाटली खरेदी? पाच तारे द्याल ना?’ मी लॉग, म्हणजे यंत्रणेने ठेवलेली नोंद, उघडला तर एकूण एक पायरी हिरवी. ट्रिगर बरोबर, थांबणं बरोबर, टेम्प्लेट बरोबर. एकाही पायरीची चूक नाही आणि त्या बाईंशी आम्ही वागलो ते सपशेल चूक. सुट्या पायऱ्यांमध्ये जबाबदारीही सुटी होते, ती कुणाकडेच राहत नाही.

पायरीपायरीने

दाराचा मुद्दा पटला, त्यावर विचार करतो. पण माल परतीच्या उदाहरणात दोष पायऱ्यांचा नाही. अट सुरुवातीला एकदाच तपासली, थांबून झाल्यावर पुन्हा तपासली नाही, हा दोष आहे. सलग लिहिलेल्या फ्लोमध्येही तो तितकाच झाला असता.

आणि क्रमाने जोडलेल्या पायऱ्या नेहमीच वाईट असत्या तर युनिक्स या संगणकप्रणालीतले पाइप, म्हणजे एका प्रोग्रामचा निकाल थेट पुढच्या प्रोग्रामला देण्याची सोय, इतके टिकले नसते. डग मॅकइलरॉय यांनी कल्पना १९६४ मध्ये मांडली, केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये ती प्रत्यक्षात आणली, आणि आजही आम्ही रोज वापरतो. ते चाललं, कारण प्रत्येक पायरीने काय घ्यायचं आणि काय द्यायचं हे ठरलेलं होतं. आपल्या फ्लोंमध्ये हाच करार कुणी लिहून ठेवत नाही.

सलग

पाइपमधून मजकूर वाहतो आणि काम झालं की संपतो. आपल्या फ्लोमध्ये माणूस तीन-तीन आठवडे उभा असतो. तेवढ्या काळात तो खरेदी करतो, परत करतो, पत्ता बदलतो, तक्रार नोंदवतो. पाइपचा दाखला इथे लागू होत नाही.

रात्रपाळी

मी हे फ्लो ज्या यंत्रणेवर चालतात ती सांभाळतो. पायऱ्या सुट्या असाव्यात, पण ‘थांबा’ ही पायरी बाकीच्यांसारखीच आहे या समजुतीने सगळ्यात जास्त नुकसान होतं. बाकीच्या पायऱ्या क्षणात संपतात. ‘थांबा’मध्ये माणसं साठतात.

घडलेलं सांगतो. एका चालू फ्लोमध्ये सात दिवसांचं थांबणं होतं. कुणीतरी संध्याकाळी ते दोन दिवसांवर आणलं आणि सेव्ह केलं. त्या पायरीत तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या दिवसाची माणसं उभी होती. यंत्रणेने हिशेब केला: दोन दिवस कधीच उलटलेत, सोडा. साठलेले सगळे एकदम सुटले. नियमाने वागलेल्या यंत्रणेला मी काय दोष देणार? पण सात दिवसांनंतरसाठी लिहिलेला मजकूर त्या सगळ्यांना वेळेआधी, एकाच रात्री मिळाला. तेव्हापासून आमचा नियम: चालू फ्लोला हात लावायचा नाही. नवीन आवृत्ती काढायची, नवे लोक तिच्यात घ्यायचे, जुने जुन्या आवृत्तीतून बाहेर पडेपर्यंत ती चालू ठेवायची.

दुसरं म्हणजे पुनरावृत्ती. क्यूवर, म्हणजे कामांच्या रांगेवर, चालणाऱ्या बऱ्याच यंत्रणा काम निदान एकदा होईल एवढीच हमी देतात, एकदाच होईल ही नाही. पाठवण्याची पायरी पूर्ण झाली, पण ‘झालं’ ही पोच परत यायच्या आत सर्व्हर बंद पडला, तर ती पायरी पुन्हा चालते आणि माणसाला तोच मेसेज दोनदा जातो. म्हणून व्यक्ती, फ्लोची ही फेरी आणि पायरी मिळून एक खूण बनवा आणि पाठवण्याआधी ती खूण आधी वापरली गेली आहे का ते बघा. पाठवण्याचं उत्तरही ‘गेला’ आणि ‘नाही गेला’ एवढंच नसतं. ईमेल सर्व्हरने ४ ने सुरू होणारा कोड दिला तर अडचण तात्पुरती, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. ५ ने सुरू होणारा दिला तर त्याने नकार दिलाय. पत्ताच अस्तित्वात नसेल तर त्यावर पुन्हा पाठवू नका. हे पाठवण्याच्या पायरीत एकदा नीट लिहिलं की सगळ्या फ्लोंना मिळतं. सलग लिहिणाऱ्यांनी हे प्रत्येक वेळी नव्याने लिहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

शब्दखुणा

मी मजकूर लिहिते. नियमांच्या पायऱ्या सुट्या करा, खुशाल करा. पण आता मजकुराचेही ठोकळे करायला निघालेत, ते मराठीत चालत नाही, आणि हे फ्लो बांधणाऱ्यांना कुणीतरी सांगायला हवं.

परवा माझ्याकडे टेम्प्लेट आलं: ‘तुमच्या [वस्तू]ची मागणी मिळाली.’ चौकटीत वस्तूचं नाव आपोआप पडणार. चादर पडली की होतं ‘तुमच्या चादरची’. हवं ‘चादरीची’. पुस्तक पडलं की ‘पुस्तकची’, हवं ‘पुस्तकाची’. मराठीत प्रत्यय लागण्याआधी शब्द आपलं रूप बदलतो, आणि ठोकळ्याला ते ठाऊक नसतं. बरं, प्रत्यय काढून ‘तुमचा [वस्तू] निघाला आहे’ लिहावं तर लिंग आडवं येतं: चादर निघाली, पुस्तक निघालं, पंखा निघाला. तीन लिंगं, एकवचन-अनेकवचन, आणि शेवटचं क्रियापदही त्याप्रमाणे बदलणार. हे वाचणाऱ्याला पहिल्या ओळीतच कळतं की आपल्याशी कुणी बोलत नाहीये.

यावर मी करते ते असं: चौकटीतला शब्द वाक्याच्या व्याकरणातून बाहेर काढते. ‘तुमची मागणी मिळाली. मागवलेली वस्तू: चादर.’ इथे मागणी स्त्रीलिंगी, ती कधी बदलत नाही, आणि वस्तू आपली मूळ रूपात बसते. नावाचंही तेच. नाव रिकामं असेल तर ‘नमस्कार,’ एवढंच जावं. ‘नमस्कार’, मग मोकळी जागा, मग स्वल्पविराम असं जाऊ नये. म्हणजे स्वल्पविरामासकट सगळा तुकडा अटीत घ्यायचा, नुसतं नाव नाही.

एसएमएसचं आणखी वेगळं. साध्या रोमन अक्षरांत एका एसएमएसला १६० जागा, देवनागरीत ७०. त्याच्यापुढे गेलं की मेसेजचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात ६७ जागा. मोजणी आपल्या डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची नसते. ‘स्त्री’ हे एक अक्षर दिसतं, पण स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार मिळून सहा जागा खातं. ठोकळे जोडून मजकूर बनवला की शेवटी तो किती लांब होईल हे ठोकळा लिहिणाऱ्याला दिसतच नाही. मी तुकड्या-तुकड्यांत लिहायला तयार नाही. मला पूर्ण मेसेज समोर हवा, सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात लांब वस्तू घालून.

सलग

शब्दखुणा, अगदी हेच. आणि मी म्हणतो, मेसेजला जे लागू तेच पूर्ण मालिकेला लागू. चौथा ईमेल लिहिणाऱ्याला पहिले तीन दिसले पाहिजेत.

मापपट्टी

थोडक्यात लिहितो, कारण माझा मुद्दा एकाच पायरीबद्दल आहे. ‘ईमेल उघडला का?’ ही पायरी अजून कित्येक फ्लोंमध्ये फाटा फोडायला वापरतात. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये प्रायव्हसी प्रोटेक्शन आणलं. ते चालू असेल तर ईमेलमधली चित्रं, मोजणीचं अदृश्य चित्रही, ॲपलचे सर्व्हर आधीच उतरवून घेतात, माणसाने ईमेल उघडला असो वा नसो. म्हणजे ही पायरी अशा सगळ्यांना ‘उघडला’च म्हणणार. त्या आधारावर ‘रस दाखवला, दुसरा मेसेज पाठवा’ असं चाललं असेल तर ते ताबडतोब बंद करा. क्लिक, खरेदी, उत्तर, यांवर फाटे फोडा.

पायऱ्या सुट्या असण्याच्या बाजूने एवढंच की एक पायरी बदलून बाकी जसंच्या तसं ठेवता येतं, त्यामुळे फरक कशाने पडला ते कळतं. मात्र काही जणांना काहीच न पाठवता तुलना करायची असेल, तर तो गट पायरीवर पाडू नका, व्यक्तीवर पाडा. नाहीतर एका फ्लोमध्ये वगळलेला माणूस दुसऱ्या फ्लोचे मेसेज घेत राहतो आणि तुलना फुकट जाते.

पायरीपायरीने

सगळं वाचून दोन गोष्टी बदलतो. ‘पाठवायचं का?’ ही पायरी यादीतून काढून टाकतोय, सलग म्हणतात तशी ती दारात जाईल, म्हणजे कुणाला ओढून लावायलाही नको आणि विसरायलाही नको. आणि प्रत्येक ‘थांबा’नंतर प्रवेशाची अट पुन्हा तपासली जाईल, ते ऐच्छिक राहणार नाही. ते ‘थांबा’ या पायरीचाच भाग होईल. शब्दखुणा, मजकुराच्या ठोकळ्यांबद्दल माझ्याकडे प्रतिवाद नाही.

पण फ्लो सलग लिहिण्यावर मी परत जाणार नाही. रात्रपाळींनी सांगितलेली खूण, नकाराचे कोड, आवृत्त्या, हे प्रत्येक फ्लोमध्ये हाताने लिहायचं म्हणजे आठातला एक पुन्हा सुटणार. ते मी एकदा भोगलंय.

सलग

ठीक. माझी मागणी मग एवढीच: कुठल्याही एका व्यक्तीचा क्रमांक टाकला की तिला गेल्या महिन्यात सगळ्या फ्लोंमधून गेलेला पत्रव्यवहार तारखेनुसार, पूर्ण मजकुरासह, एका पानावर दिसला पाहिजे. पायऱ्या नकोत, लॉग नको, तिला जे दिसलं ते. नवीन फ्लो सुरू करण्याआधी अशी दहा पानं कुणीतरी बसून वाचावीत. माल परत केलेल्या त्या बाईंचं पान मी वाचलं असतं तर चूक मला दुसऱ्या ओळीला दिसली असती.

आणि एक विचारायचं राहिलं. ‘मी नको म्हणून कळवलं होतं’ हे तुम्हाला कळलं कसं? उत्तरं कुणी वाचतं का तुमच्याकडे?

पायरीपायरीने

योगायोगाने. पाठवणाऱ्याचा पत्ता खरा होता, पण ती पेटी नियमितपणे कुणी बघत नव्हतं. मी दुसऱ्याच कामासाठी उघडली होती. त्याच्या वर आणखी अकरा उत्तरं न वाचलेली होती. सगळ्यांना मी हाताने लिहिलं.

आमच्या ट्रिगरच्या यादीत ‘उत्तर आलं’ असा ट्रिगरच नाही. या आठवड्यात तो बनवतोय: कुणाचंही उत्तर आलं की त्या व्यक्तीचे सगळे फ्लो तिथेच थांबतील आणि ते उत्तर माणसाने वाचून मोकळं केल्याशिवाय पुढचा मेसेज जाणार नाही. रात्रपाळी, ‘मी सुट्टीवर आहे’ छापाची आपोआप येणारी उत्तरं यातून कशी गाळायची, ते सांगाल का?

रात्रपाळी

ईमेलच्या हेडरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, ‘ऑटो-सबमिटेड’ बघा. २००४ पासून ते मानकात आहे. त्यात ‘नो’ सोडून काहीही असेल तर उत्तर यंत्राचं. सगळेच सर्व्हर ते लावत नाहीत, त्यामुळे काही निसटतील. निसटलेलं माणसाकडे जाऊ द्या.