बायपासची सोय नसलेल्या रुग्णालयात अँजिओप्लास्टी करावी का?

धमनी_दर्शन

जिल्ह्याच्या गावी कॅथलॅब (हृदयाच्या धमन्यांत नळी घालून तपासणी-उपचार करायची जागा) आहे, पण बायपास करणारा हृदयशल्यविशारद आणि त्या वेळी हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन दोनशे किलोमीटरवर. अशा ठिकाणी अँजिओप्लास्टी (धमनीतला अडथळा आतून फुग्याने दाबून वाट मोकळी करणं) करूच नये हा आग्रह आता सोडायला हवा. १९७७ मध्ये झुरिकला ग्रुन्ट्झिगने पहिली अँजिओप्लास्टी केली तेव्हा हाती फक्त फुगा होता. धमनीचा आतला पदर फाटून ती बंद पडली की तातडीचा बायपास, आणि सुरुवातीच्या वर्षांत ही वेळ शंभरातल्या पाच-सहा जणांवर यायची. स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीची नळी, तोच पदर भिंतीशी दाबून धरतो, त्यामुळे आता हे प्रमाण हजारात पाचाच्याही खाली आलंय. अमेरिकेतल्या सी-पोर्ट-ई चाचणीत (२०१२) १८,८६७ रुग्ण होते. सहा आठवड्यांतले मृत्यू शल्यक्रियेची सोय नसलेल्या रुग्णालयांत ०.९ टक्के, सोय असलेल्यांत १.० टक्के.

उलटतपासणी

आकडे बरोबर आहेत, पण त्या चाचणीत कोण नव्हतं तेही सांगा. डाव्या मुख्य धमनीत ब्लॉक आहे आणि तिला आधीच्या बायपासचा आधार नाही असे नव्हते, हृदयाचं पंपिंग (दर ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) २० टक्क्यांच्या खाली असलेले नव्हते. रुग्णालयाला वर्षाला किमान २०० अँजिओप्लास्टींची अट होती. शिवाय नऊ महिन्यांत त्याच धमनीवर पुन्हा उपचार करावे लागले ६.५ टक्के रुग्णांत, सोय असलेल्या ठिकाणी ५.४ टक्के. महिन्याला आठ-दहा केस करणाऱ्या लॅबने या निकालाचा आधार घेऊ नये.

धमनी_दर्शन

संख्येची अट मान्य. पण धमनीला भोक पडलं तर पहिला उपाय शल्यविशारद नसतो. वायर (जिच्यावरून फुगा-स्टेंट आत नेतात ती बारीक तार) जागेवरून हलवायची नाही, हा पहिला नियम. ती निघाली की परत त्या वाटेने जाता येईलच असं नाही. भोकावर फुगा कमी दाबाने पाच-दहा मिनिटं फुगवून ठेवायचा, तेवढ्यात इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा. हृदयाभोवती रक्त साचून दाब पडत असेल तर पिगटेल (टोकाला वळलेली बारीक नळी) घालून ते काढायचं. रक्त थांबलं नाही तर कव्हर्ड स्टेंट, म्हणजे पातळ पडद्याने मढवलेला. वायरच्या टोकाने लांबच्या बारीक फांदीला भोक पडलं असेल तर कॉइल (तारेचं बारीक वेटोळं) किंवा रुग्णाच्याच चरबीचा कण सोडून ती फांदी बुजवायची. हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) उतरवायला त्याच्या १०० युनिटला १ मिलिग्रॅम प्रोटामिन, पण धमनीतलं साहित्य बाहेर आल्यावरच, नाहीतर त्या वायर-स्टेंटवरच गुठळी होते. शल्यविशारद त्याच इमारतीत असला तरी थिएटर आणि हार्ट-लंग मशीन सज्ज व्हायला वेळ लागतोच.

उलटतपासणी

हे सगळं कपाटात आहे का, हा माझा मुद्दा आहे. कव्हर्ड स्टेंट महाग, क्वचित लागणारा, मुदत संपून वाया जाणारा. म्हणून लहान लॅब तो ठेवत नाहीत आणि ‘वितरक पाठवेल’ म्हणतात. भोक तेवढा वेळ थांबत नाही! शिवाय तो जाड आणि ताठ असतो, नागमोडी, कॅल्शियम भरलेल्या धमनीत पुढे सरकत नाही. आणि भोक पडण्याचा धोका नेमका अशाच धमनीत जास्त. म्हणून रोटाब्लेशन (फिरत्या टोकाने कॅल्शियम घासून काढणं), मुख्य धमनी, जुना शंभर टक्के ब्लॉक, ही कामं तिथे नकोतच.

घाटवाट

दोघांच्या वादात हार्ट अ‍ॅटॅक वेगळा काढा. तिथे स्नायू मिनिटामिनिटाला मरतो. २००२ च्या सी-पोर्ट चाचणीत शल्यक्रियेची सोय नसलेल्या ११ रुग्णालयांतले ४५१ रुग्ण होते. मृत्यू, पुन्हा अ‍ॅटॅक किंवा पक्षाघात हे सहा महिन्यांत अँजिओप्लास्टी गटात १२.४ टक्के, गुठळी विरघळवणाऱ्या औषधाच्या गटात १९.९. लॅब दोन तासांत गाठता येत नसेल तर आधी वजनानुसार टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं औषध, मग पुढे हलवणं.

उलटतपासणी

अ‍ॅटॅकचं पूर्ण मान्य, तिथे माझा विरोध नाही. चालत आलेल्या, स्थिर छातीदुखीच्या रुग्णाबद्दल बोलतोय. तो एस.टी.ने पुण्याला जाऊ शकतो. त्याच्या संमतीपत्रावर मराठीत स्पष्ट लिहा: इथे बायपास होत नाही, गरज पडली तर अमुक रुग्णालयात नेऊ, साधारण इतका वेळ लागेल.

धमनी_दर्शन

लिहावंच. पण त्या ‘अमुक रुग्णालया’शी लेखी करार आधी हवा, आणि व्हेंटिलेटर व बलून पंप (हृदयाला हातभार लावणारा महाधमनीतला फुगा) चालू ठेवून नेणारी अ‍ॅम्ब्युलन्स, ती चालवणाऱ्या माणसासकट. ब्रिटनमध्ये बोलावणं गेल्यापासून ९० मिनिटांत रुग्ण हार्ट-लंग मशीनवर असावा, असा दंडक घातला होता. आपल्याकडे प्रत्येक लॅबने रात्री, पावसात, प्रत्यक्ष गाडी नेऊन ही वेळ मोजावी. दंडकापेक्षा जास्त भरली तर स्थिर रुग्णाची अवघड केस तिथे टेबलावर घेऊ नये.