स्वस्तातलं नवं की चांगल्यातलं जुनं? बजेट पीसी जोडणाऱ्यांचं मत हवंय

हौशी_असेंबलर
बरीच वर्षं स्वस्तात पीसी जोडायचा नाद आहे, स्वतःला जोडले, घरच्यांना जोडले, मित्रांना जोडून दिले, आणि माझं मत आता पक्कं झालंय. पैसे कमी असतील तर सगळ्यात खालच्या रांगेतला नवा पार्ट घेऊ नका, तेवढ्याच पैशात वरच्या रांगेतला वापरलेला घ्या. ऑफिसांतून निघालेले ब्रँडेड पीसी बघा, आय५-८५०० वाले. सहा कोअर, २०१८ चा प्रोसेसर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं कारण इंटेलची आठवी पिढी मायक्रोसॉफ्टच्या यादीत आहे. याच्यासमोर दोन कोअरचा नवा सेलेरॉन कशाला घ्यायचा? आणि असा ऑफिसवाला डबा एकदा उघडून बघाच, आतली बांधणी बघून बरं वाटतं. सॉलिड कॅपॅसिटर, धड हीटसिंक, हार्ड डिस्कचा ट्रे स्क्रू ड्रायव्हर न लावता सरकून हातात येतो. उलट माझ्याकडं एक सगळ्यात स्वस्त नवा मदरबोर्ड होता (ब्रँड जाऊ दे), प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या व्हीआरएमवर हीटसिंकचा पत्तासुद्धा नाही, व्हिडिओ रेंडर लावला की थोड्याच वेळात प्रोसेसरचा क्लॉक धाडकन खाली, वर हात धरला तर चटका बसायचा.

ग्राफिक कार्डात तर हे जास्तच. नवीन म्हणून जे आरएक्स ५८० मिळतं ते बहुतेक वेळा २०४८ एसपीवालं (एसपी म्हणजे स्ट्रीम प्रोसेसर, कार्डातले छोटे गणनाघटक) निघतं. मूळ ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर होते, २०४८ वालं म्हणजे जवळपास ५७० च, नाव तेवढं मोठं लावलेलं. त्यापेक्षा जुनं खरं ५८० घ्या ना.

निळा_पडदा
साफ असहमत. तुम्ही जोडणारे आहात म्हणून तुम्हाला सोपं वाटतं. ऑफिसचा पीसी आज मस्त चालतो हो, पण उद्या वाढवायला गेलात की अडकलात. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) वेगळ्याच मापाचा, बऱ्याच मॉडेलांत मदरबोर्डला नेहमीचा २४ पिनी कनेक्टर पण नसतो, त्यामुळे बाहेरचा एसएमपीएस बसतच नाही. ग्राफिक कार्डाला वेगळी केबल नाही म्हणजे स्लॉटमधून मिळतील तेवढे ७५ वॉट. मग उरतं काय, बिनकेबलचं जीटीएक्स १६५०, नाहीतर आरएक्स ६४००. आणि ६४०० ला लेन (डेटाच्या वाटा) चारच, तुमच्या त्या आय५-८५०० मध्ये पीसीआय एक्सप्रेस ३.० आहे म्हणजे बँडविड्थ निम्मी, वर त्यात व्हिडिओ एन्कोडर पण नाही.

आता नव्याची बाजू ऐका. २०१७ मध्ये ज्यांनी एएमडीचा साधा बी३५० बोर्ड आणि रायझन १६०० घेतला त्यांना २०२२ मध्ये बऱ्याच कंपन्यांनी बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट देऊन रायझन ५६०० चालवून दिला. बोर्ड तोच, रॅम तीच, कॅबिनेट तेच, फक्त प्रोसेसर बदलला. मी हेच केलंय आणि तो पीसी आजही रोज चालतो. स्वस्तातलं नवं घ्यायचं तर पुढचा रस्ता मोकळा आहे का हे बघून घ्यायचं, पार्ट खालच्या रांगेतला आहे म्हणून तो वाईट असं सरसकट नाही म्हणता येत.

हौशी_असेंबलर
बी३५० चं उदाहरण मान्य, त्याचा एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) खरंच लांब चालला. पण सांगा, असे सॉकेट किती? इंटेलच्या बाजूला साधारण दोन पिढ्यांनी बोर्ड बदलावा लागतो, तिथं पुढचा रस्ता कुठला आलाय. आणि ज्याला गेमिंग करायचंच नाही, ब्राउझर, ऑफिस, थोडं कोडिंग, त्याला ७५ वॉटची अडचण कधीच येणार नाही.

तिसरा_स्लॉट
तुम्ही दोघं प्रोसेसर आणि कार्डावरच भांडताय. खरी फसगत स्टोरेजमध्ये आहे, आणि तिथं जुनं पण धोक्याचं आणि स्वस्त नवं पण धोक्याचं.

जुन्याचं आधी. सगळे सांगतात क्रिस्टलडिस्कइन्फो लावा, स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघा, किती तास चालली ते बघा. तास शून्य करता येतात! २०२५ च्या सुरुवातीला सीगेटच्या वापरलेल्या डिस्क काही विक्रेत्यांनी नव्या म्हणून विकल्याचं उघड झालं, स्मार्टमध्ये तास जवळपास शून्य पण ड्राइव्हच्या फार्म लॉगमध्ये (सीगेटची वेगळी आतली नोंद) हजारो तास चालल्याची नोंद. म्हणून सीगेटची जुनी डिस्क घेताना स्मार्टसीटीएल या प्रोग्राममधून फार्म लॉग काढून दोन्ही आकडे जुळवून बघायचे, जुळले नाहीत तर डिस्क परत. सोबत रीअलोकेटेड (खराब होऊन बदललेले) आणि पेंडिंग (खराब असल्याचा संशय असलेले) सेक्टर शून्य आहेत का ते बघायचं, पेंडिंग एक जरी दिसला तरी मी त्या डिस्कवर काहीही महत्त्वाचं ठेवत नाही.

आता स्वस्त नवं. १६ टीबीची म्हणून जी तळहातात मावणारी यूएसबी एसएसडी विकतात तिच्या आत मायक्रोएसडी कार्ड निघतं, कंट्रोलर आकडा खोटा सांगतो. कॉपी होताना सगळं नीट दिसतं, नंतर फाइल उघडायला गेलात की गेली. एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रामनं पूर्ण भरून परत वाचून बघा, वेळ बराच जातो पण खरं कळतं. आणि चांगल्या ब्रँडमध्ये पण डोळे उघडे ठेवा, क्रुशलची पी२ एसएसडी आधी टीएलसी (एका सेलमध्ये तीन बिट) होती, २०२१ मध्ये त्याच नावाखाली क्यूएलसी (सेलमध्ये चार बिट, म्हणून संथ) यायला लागली. कॅशे (आतला वेगवान भाग) भरला की लिहायचा वेग हार्ड डिस्कच्या पंक्तीत येऊन बसतो. रिव्ह्यू वाचून घेणाऱ्यानं काय करायचं मग? मला याचा फार राग येतो, कारण रिव्ह्यू जुन्या मालाचा आणि डब्यात वेगळा माल.

एक बारीक गोष्ट, डीरॅम (स्वतःची मेमरी) नसलेली एसएसडी घेणारच असाल तर एनव्हीएमई घ्या, तिला एचएमबीमुळे पीसीच्या रॅममधला थोडा भाग वापरता येतो, साटावाल्या एसएसडीला ती सोय नाही.

हौशी_असेंबलर
स्टोरेजवर शंभर टक्के सहमत, मी पण एसएसडी कायम नवी आणि टीएलसीच घेतो. एसएमपीएस मात्र जुना चालतो असं माझं मत आहे, चांगल्या कंपनीचा ८० प्लस गोल्ड असेल तर स्वस्त नव्यापेक्षा बराच बरा.

तांब्याची_तार
इथं थांबा. मी एसएमपीएस उघडून दुरुस्त करतो म्हणून बोलतोय. ८० प्लस गोल्ड म्हणजे फक्त कार्यक्षमता, भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती आत पोचते एवढंच. रिपल (व्होल्टेजमधली बारीक चढउतार) किती, शॉर्ट झाल्यावर बंद पडतो का, हे त्या स्टिकरवरून काहीही कळत नाही. शिवाय ती चाचणी साधारण २३ डिग्री तापमानाला होते, कॅबिनेटच्या आत एवढं थंड कधी असतं? एटीएक्सच्या (पीसी एसएमपीएसच्या मानकाच्या) नियमात १२ व्होल्टच्या लाइनवर रिपल १२० मिलीव्होल्टच्या आत हवा. कॅपॅसिटर म्हातारा झाला की हाच रिपल वाढतो, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, ऑसिलोस्कोपच लागतो. इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटरचं आयुष्य तापमान दर १० डिग्रीनं वाढलं की साधारण निम्मं होतं. तुम्ही घेतलेला जुना एसएमपीएस आधी कुठल्या धुळीत, कुठल्या उन्हाळ्यात चालला हे तुम्हाला कोण सांगणार? आणि तो गेला तर एकटा जाईलच असं नाही, बोर्ड आणि डिस्कसुद्धा घेऊन जाऊ शकतो.

निळा_पडदा
हेच मी म्हणतोय, जुन्या मालाचा इतिहास कळत नाही. मायनिंगची, म्हणजे क्रिप्टो नाणी कमवायला सतत चालवलेली कार्डं आठवा. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि बाजारात लोंढा आला, सगळे म्हणायचे गेमिंगसाठीच वापरलंय.

हौशी_असेंबलर
मायनिंग कार्डाबद्दल गैरसमज जास्त आहे. बरेच मायनर कार्डाचा व्होल्टेज कमी करून एका तापमानाला सतत चालवायचे, चिपला त्याचा फार त्रास नाही. जातात ते पंखे आणि थर्मल पॅड (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारे). दोन्ही बदलता येतात, मी बदललेत, पॅड काढताना तेल सुटलेलं दिसतं मेमरी चिपभोवती, ते पुसायचं, बरोबर त्याच जाडीचं नवं लावायचं. जीपीयू-झेड हा प्रोग्राम लावून बघा, नाव बदललेल्या बऱ्याचशा कार्डांपुढे ते सरळ फेक लिहून दाखवतं. मग अर्धा तास लोड द्या, पडद्यावर ठिपके येतात का बघा.

एसएमपीएसचं मात्र तांब्याची_तार यांचं पटलं, रिपल मोजायला माझ्याकडं काही साधन नाही. यापुढे तो नवाच घेईन.

खटपट्या
एक्स९९ बोर्ड आणि सर्व्हरसाठीचा जुना झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर यांच्याबद्दल कोणी बोललंच नाही? १४ कोअर!

तिसरा_स्लॉट
कारण तिथं दोन्हीकडचे तोटे एकत्र येतात. बोर्ड नवा म्हणतात पण कित्येकांवर चिपसेट (बोर्डाची मुख्य चिप) जुन्या बोर्डांवरून काढलेला, नाव एक्स९९ आणि निघतो बी८५ नाहीतर क्यू८७. विंडोज ११ च्या यादीत हा प्रोसेसर नाही. लिनक्सवर कंपाइल, व्हर्च्युअल मशीन असली कामं असतील तर जरूर घ्या, सर्व्हरची चूक सुधारणारी ईसीसी रॅम पण चालते त्यात.

निळा_पडदा
माझा मुद्दा तरी शिल्लक आहे. भाचीला कॉलेजसाठी पीसी हवाय, ती लांब राहते, तिला ना मेमटेस्ट (रॅमची चाचणी) लावता येत ना पॅड बदलता येत. बंद पडला तर वॉरंटीचा फोन नंबर तिच्या कामाचा, जीपीयू-झेड नाही. अशांना तुम्ही जुनं घ्या कसं सांगता?

हौशी_असेंबलर
तिला ऑफिसवालाच सांगेन, पण तुम्ही आधी आणून तुमच्याकडं टेस्ट करून मग द्या. एक रात्र मेमटेस्ट, जुनी डिस्क काढून नवी एसएसडी, प्रोसेसरची पेस्ट नवी, रॅमच्या दोन काड्या सारख्या लावा म्हणजे ड्युअल चॅनल चालेल, आत ग्राफिक कार्ड नसल्यामुळे त्याचा फरक लगेच दिसतो. एसएमपीएस मात्र त्याच मॉडेलचा नवा मिळतो का ते आधी शोधा, नाही मिळाला तर ते मॉडेल सोडून द्या.