व्हीएचएस कॅसेटवरचं रेकॉर्डिंग इंडेक्स सर्चने सापडत का नाही?

कॅसेटपेटी
टीव्हीवरून रेकॉर्ड केलेल्या बऱ्याच ई-१८० (१८० मिनिटांच्या) कॅसेट आहेत. लेबलं एकतर गळून पडलीत, नाहीतर आत भलतंच आहे. व्हीसीआर पाल, चार हेडचा. रिमोटवर इंडेक्स पुढे-मागे (टेपवरच्या खुणांवर जाणारं), इंट्रो स्कॅन (प्रत्येक खुणेवर थोडंसं दाखवणारं), ब्लँक सर्च (कोरी जागा शोधणारं) अशी सगळी बटणं आहेत, पण भरवसा एकाचाही वाटत नाही.

एका कॅसेटवर किमान पाच-सहा कार्यक्रम आहेत आणि इंडेक्स सर्च थेट शेवटापर्यंत जातो, मध्ये फक्त एकदा थांबतो. दुसरीवर तो कार्यक्रमाच्या ऐन मध्यात थांबतो, जिथे सुरुवात वगैरे काही नाही. तिसरीवर ब्लँक सर्च तासाभरावर थांबला, म्हणून पुढे कोरी असेल असं धरलं, तर थोड्या मुंग्यांनंतर अर्धवट सिनेमा सुरू! काउंटरचे आकडेही दर वेळी वेगळे येतात. सगळ्या कॅसेट पूर्ण न बघता कशावर काय आहे याची यादी कशी करायची?

कंट्रोलट्रॅक
तुमचा व्हीसीआर ठीक दिसतोय. इंडेक्स सर्च चित्र बघत नाही, हे आधी लक्षात घ्या. टेपच्या खालच्या कडेला कंट्रोल ट्रॅक असतो. पालमध्ये त्यावर सेकंदाला २५ पल्स, म्हणजे ठोके, असतात, चित्राच्या दर फ्रेमला एक. नेहमीच्या पल्समध्ये वरचा भाग (सिग्नल वर असतो तेवढा वेळ) साधारण ६० टक्के असतो. इंडेक्सची खूण करताना मशीन ओळीने साठेक पल्सचा हा भाग आखूड करतं, २७-२८ टक्क्यांवर आणतं. सर्वो (टेप आणि ड्रमचा वेग सांभाळणारी यंत्रणा) पल्सच्या फक्त चढत्या कडेवर चालतो आणि बदल होतो उतरत्या कडेत, त्यामुळे चित्राला धक्का लागत नाही. एसपीमध्ये, म्हणजे नेहमीच्या वेगात, ही खूण जेमतेम अडीच सेकंदांची. टेप वेगात पळत असताना मशीन तेवढ्या आखूड पल्सच शोधत असतं.

आता खूण पडते कधी? मशीन पूर्ण थांबलेलं असताना रेकॉर्डिंग सुरू केलं की, किंवा टायमरने सुरू झालं की. पॉझ करून पुन्हा सुरू केलं तर बहुतेक मशीन खूण करत नाहीत. जाहिराती गाळायला पॉझ दाबत सहा कार्यक्रम एकामागून एक घेतले असतील तर सहांना मिळून एकच खूण. तुमची पहिली कॅसेट हीच असणार. आणखी एक शक्यता म्हणजे जुनं मशीन. ज्यात इंडेक्सची सोयच नव्हती त्यावर भरलेल्या टेपवर एकही खूण नसते, आणि नंतर कुठल्याही भारी मशीनमध्ये घातली तरी ती उगवणार नाही.

दुसऱ्या कॅसेटवर मधेच थांबतो, तिथे कुणीतरी मुद्दाम बटण दाबून खूण केलेली असू शकते. बऱ्याच रिमोटवर त्याचं वेगळं बटण असतं. किंवा कार्यक्रम चालू असतानाच पॉझऐवजी स्टॉप दाबून पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलेलं असेल. टेपवर खूण ही जागेला असते, कार्यक्रमाला नाही.

नव्या रेकॉर्डिंगखाली आलेल्या जुन्या खुणा मात्र पुसल्या जातात, कारण कंट्रोल ट्रॅकच नव्याने लिहिला जातो. त्याच कारणाने एका कॅसेटवरून दुसरीवर कॉपी केली की मूळ खुणा कॉपीत येत नाहीत.

तिसऱ्या कॅसेटचं कोडं जास्त मजेशीर आहे. टेपच्या वाटेत पूर्ण इरेज हेड (सगळी टेप पुसणारं) ड्रमच्या, म्हणजे चित्राची हेड असलेल्या फिरत्या सिलिंडरच्या, अलीकडे असतं. रेकॉर्डिंग थांबवता तेव्हा इरेज हेड आणि ड्रम यांच्यामधला टेपचा तुकडा पुसला गेलेला असतो, पण त्यावर नवीन काही लिहिलेलं नसतं. तिथे चित्र नाही, कंट्रोल पल्सही नाहीत. काही सेकंदांच्या मुंग्या म्हणजे तोच तुकडा. त्यानंतर जुन्या रेकॉर्डिंगचं शेपूट सुरू होतं. दोन तासांच्या सिनेमावर कुणी तासाभराचा कार्यक्रम घेतला की उरलेला तास तसाच राहतो. ब्लँक सर्चला पल्स नसलेली जागा हवी असते, ती त्याला मिळाली, तो थांबला. शेपटाला स्वतःची खूण नसते, म्हणून इंडेक्स सर्चलाही ते दिसत नाही. म्हणून ब्लँक सर्च थांबला की प्ले दाबून निदान अर्धं मिनिट पुढे बघायचंच, आणि त्यानंतर पुन्हा ब्लँक सर्च द्यायचा. टेप संपेपर्यंत.

दुहेरीरीळ
काउंटरचं मी सांगतो. तास-मिनिट-सेकंद दाखवणारा काउंटर हेच कंट्रोल पल्स मोजतो. २५ पल्स म्हणजे एक सेकंद, मग टेप एसपीची असो की एलपीची (निम्म्या वेगाची). पण कॅसेट आत गेली की तो ०:००:०० पासून सुरू होतो, टेप मध्यात असली तरी. आकडे दर वेळी वेगळे येतात ते बहुधा यामुळेच. कॅसेट घालायची, पूर्ण रिवाइंड करायची, काउंटर रीसेट दाबायचं आणि मगच नोंदी. आणि कॅसेट बाहेर काढली की हे सगळं पहिल्यापासून.

कोऱ्या भागात पल्स नसल्याने काउंटर जागच्या जागी उभा राहतो. म्हणजे मध्ये दहा मिनिटं कोरी असतील तर पुढचे सगळे आकडे टेपच्या खऱ्या जागेपेक्षा दहा मिनिटं मागे. त्याच मशीनवर चालतं, कारण ते दर वेळी तितकंच मागे असतं. नोंदीत फक्त 'इथे कोरी जागा' असं लिहून ठेवा.

चार आकडी जुना काउंटर असलेल्या मशीनवर नोंदी केलेल्या असतील (कॅसेटच्या कागदावर ०३१५, १२४० असं काहीतरी) तर त्यांचा मिनिटांशी थेट संबंध लावू नका. तो रिळाचे फेरे मोजतो. सुरुवातीला भरणारं रीळ बारीक असतं, भराभर फिरतं. शेवटी जाड होऊन सावकाश. त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात जितके आकडे सरकतात तितके शेवटच्या अर्ध्या तासात सरकत नाहीत. ते मशीन अजून चालत असेल तर त्यात एक ई-१८० सुरुवातीपासून प्ले करून दर १५ मिनिटांचा आकडा लिहून काढा, तक्ता तयार. ई-२४० ला तो तक्ता लावू नका, तिची टेप पातळ असते, गणित बिघडतं.

खुणाच नसलेल्या कॅसेटसाठी सरळ नमुने घ्यायचे. फास्ट फॉरवर्डने दर १० मिनिटांवर थांबा, पाच सेकंद प्ले, काय दिसलं ते लिहा. १८० मिनिटांत अठरा थांबे. दोन थांब्यांवर वेगवेगळं दिसलं तरच मधला भाग पिक्चर सर्चने बघायचा. सातपट वेगाने अख्खी ई-१८० बघायला २५-२६ मिनिटं लागतात, त्यामुळे तो फक्त जोड शोधायला वापरा. पिक्चर सर्चमध्ये आडवे पट्टे येतात तो दोष नव्हे, हेड एका दमात अनेक ट्रॅक ओलांडतं म्हणून येतात. दहा मिनिटांहून छोटं काही शोधत असाल तर थांबे पाच मिनिटांवर घ्या.

हेडसफाई
वरचं सगळं बरोबर, पण आधी टेपची अवस्था बघा. कॅसेटच्या खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी पूड किंवा जाळीसारखे डाग दिसले तर ती बुरशी. ती कॅसेट मशीनमध्ये घालूच नका. ती हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. डाग नसतील पण बरीच वर्षं न हललेली टेप असेल तर सर्च करण्याआधी एकदा शेवटापर्यंत फॉरवर्ड आणि परत रिवाइंड करा. मोटर कण्हायला लागली किंवा टेप अडकत अडकत जातेय असं वाटलं तर लगेच थांबवा. इंडेक्स सर्चमध्ये टेप जोरात पळते आणि खुणेवर करकचून थांबते. कमजोर टेप तुटायची ती तिथेच.

फॉरवर्ड करताना काउंटर मधेच अडखळतो किंवा उड्या मारतो का ते पाहा. तसं असेल तर कंट्रोल हेड मळलंय. ड्रमच्या पुढे उभं छोटं हेड असतं, त्यात वरचा भाग आवाजाचा, खालचा कंट्रोलचा. मशीनचा प्लग काढायचा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या काडीने हे हेड टेपच्या दिशेत, म्हणजे आडवं पुसायचं आणि काही मिनिटं वाळू द्यायचं. शेजारचे स्क्रू अजिबात फिरवू नका, त्यावर हेडचा कल आणि जागा बसवलेली असते. व्हिडिओ ड्रमला कापसाची काडी नको. त्याला धागे न सुटणारं कापड किंवा शॅमॉय (मऊ चामडं) सपाट टेकवून ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं तर हेडची टोकं तुटतात.

हेड साफ करूनही ठराविक जागीच काउंटर अडखळत असेल तर तिथे टेपची खालची कड चुरगळली असणार. त्या जागेवरची खूण मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

कॅसेटपेटी
तिसऱ्या कॅसेटचा उलगडा झाला, मुंग्यांच्या पुढे शेवटापर्यंत जुनाच सिनेमा आहे. आता दोन शंका. इंडेक्स मागे १ दिलं की आधीच्या कार्यक्रमावर जायला हवं ना? तो चालू कार्यक्रमाच्याच सुरुवातीला येतो. आणि सापडलेल्या जागांवर नव्या खुणा करून ठेवू का?

कंट्रोलट्रॅक
मोजणी टेपवरच्या क्रमांकाने होत नाही, तुम्ही आत्ता जिथे आहात तिथून होते. खुणांना स्वतःचा नंबरच नसतो. कार्यक्रमाच्या मध्यात असाल तर मागची पहिली खूण त्याच कार्यक्रमाची. आधीचा हवा तर मागे २. पुढचा हवा तर पुढे १. दोन खुणा अगदी जवळ असतील, मिनिट-दोन मिनिटांवर, तर मशीन एखादी सोडून जाऊ शकतं. टेपच्या अगदी तोंडाशी असलेली खूणही कधी कधी सापडत नाही, तिथे रिवाइंड करूनच जा.

पॉझबटण
खुणा करता येतात, पण माझं मत नका करू. कॅसेटच्या मागच्या कडेची चौकोनी पट्टी तोडलेली असेल तर मशीन खूण लिहिणारच नाही. त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की खूण करता येते आणि रेकॉर्डचं बटणही चालू होतं. त्यात एक चूक आणि काही सेकंदांचं चित्र कायमचं गेलं. त्यापेक्षा कागदावर काउंटरचा आकडा लिहा, सोबत मशीनचं मॉडेल आणि 'पूर्ण रिवाइंड करून शून्य' एवढं.

आणि ज्या कॅसेट जपायच्याच आहेत त्यांच्यावर शोधाशोध करू नका. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदाच प्ले करून कॉम्प्युटरवर उतरवा आणि नंतर फाइलमध्ये हवं ते शोधा. मेनूत ब्लू स्क्रीन बंद ठेवा, नाहीतर सिग्नल कमजोर झाला की मशीन चित्राऐवजी निळा पडदा पाठवतं. सिग्नल तुटला की रेकॉर्डिंग थांबवणारी सेटिंग कॅप्चर प्रोग्रॅममध्ये असेल तर तीही बंद करा, म्हणजे वर सांगितलेल्या मुंग्यांच्या जागी काम अडणार नाही आणि शेपूटही फाइलमध्ये येईल.